रक्तसोबतचा पत्ता

सत्यशीला सिस्टरांनी आपला मोबाइल चारुदत्तच्या टेबलावर ठेवला आणि पडदा त्याच्या बाजूला फिरवला. त्यावर एक रंगीबेरंगी चाक गरगर फिरत होतं आणि खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘फिरवा आणि जिंका’.

“हे काय येऊन राह्यलं, चारुभाऊ? मी तं आपलाच पत्ता टाकला.”

चारुदत्तनं पत्ता अक्षर अक्षर लावून वाचला. चूक नव्हती. त्यानं तोच पत्ता आपल्या संगणकावर टाकला. तिथंही चाक फिरू लागलं.

“आजपासूनच असं होतंय?”

“दारव्ह्याची रुपाली म्हणे कालपासून. मले वाटलं, तिचाच फोन बिघडला असन.”

 पडदा सिस्टरांना दिसू नये इतका त्यानं आपल्याकडे ओढून घेतला आणि मेलपेटी उघडली. जाहिरातींच्या गर्दीत, पत्त्याची नोंदणी ठेवणाऱ्या कंपनीचं ते पत्र होतंच. ‘आपल्या सूचनेनुसार रक्तसोबत हे नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवत आहोत. ही सूचना आपण दिली नसेल तर मुदतीत कळवा.’ पत्र उघडलेलं होतं. त्यानंच उघडलं होतं, दिवाळीच्या खरेदीत, एका हातात आकाशकंदिलाची पिशवी धरून. असली बनावट पत्रं रोजच येतात म्हणून बंदही करून टाकलं होतं. मुदत टळून गेली होती.

रक्तसोबत ही साइट त्यानं सिस्टरांसाठी फुकट बनवली होती. सिस्टर जिल्ह्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचा मुलगा इंद्रजित सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा रुग्ण. कॉलेजात जायला लागला होता तेव्हा एकदा वेळेवर रक्त मिळालं नाही आणि तो गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावोगाव फिरून रक्त देणारी माणसं गोळा केली आणि त्यांची एक संस्था उभी केली. सिकलसेलच्या घरात त्या एक छोटं कार्ड देऊन येत. आधी त्या कार्डावर फोन नंबर असत. चारुदत्तनंच त्यांना सुचवलं होतं, “नंबर बदलतात सिस्टर, माणसं गाव सोडून जातात. कार्डावर फक्त साइटचा पत्ता टाका. नंबर आत बदलत राहू आपण.” सगळ्यांना ते पटलं होतं. यवतमाळात त्याच्याकडे व्यापाऱ्यांच्या, शाळांच्या, डॉक्टरांच्या कितीतरी साइट होत्या, पण ओळख करून देताना लोक हिचंच नाव घेत. त्यालाही ते आवडे.

साइट जागच्या जागी होती. चोरीला गेला होता तो पत्ता, ज्याला त्याच्या धंद्यात डोमेन म्हणतात. घर शाबूत होतं, पण सगळ्यांना पाठ झालेली वाट आता भलत्याच दारात जाऊन पोचत होती.

असा पत्ता कोणी पळवू नये म्हणून त्याला एक कुलूप असतं. ते लागलेलं असेल तर नाव एका कंपनीतून दुसरीकडे हलत नाही. उन्हाळ्यात चारुदत्तनं ते स्वतःच्या हातानं काढलं होतं. सगळ्या गिऱ्हाइकांची नावं एका स्वस्त कंपनीकडे न्यायचं त्याच्या मनात होतं. त्यासाठी लागणारा गुप्त कोड मागवून त्यानं मेलमध्ये ठेवला होता. मग मुलीचे प्रवेश निघाले, दुकानाला रंग द्यायचा निघाला, आणि ते काम मागं पडलं. कुलूप परत लावणं एका बोटाचं काम होतं. मेलपेटीचा पासवर्ड तर वर्षानुवर्षं एकच. विजेचं बिल भरायलाही तोच आणि मुलीच्या शिकवणीलाही तोच. तो कुठून तरी फुटला असणार. चोराला किल्लीही मिळाली होती आणि दारही उघडं मिळालं होतं.

“चारुभाऊ,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, “हे माह्याच हातून झालं.”

त्यानं मान वर केली.

“गेल्या हप्त्यात एक फोन आलता. गॅसच्या ऑफिसातून बोलतो म्हणे. मोबाइलवर नंबर आला तो सांगा म्हणे. मी सांगून बसली. मंग लक्षात आलं, पन बोलाची लाज वाटली. इतके वर्ष लोकायले सांगत आली का कोनाले नंबर सांगू नका, अन् मीच...”

त्या फोनचा आणि या चोरीचा काडीचाही संबंध नव्हता. सिस्टरांचा मोबाइल त्या नावाला कुठेच जोडलेला नव्हता. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या मागून लगेच दुसरं वाक्य सांगावं लागलं असतं.

“बघतो मी,” चारुदत्त म्हणाला. “तुम्ही घरी जा. मिळेल परत.”

त्यांनी मोबाइल पदराला पुसला, पर्समध्ये टाकला आणि त्या पायऱ्या उतरल्या. एरवी तो त्यांना चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नसे.

आधी नाव परत आणू, मग सगळं सांगू, असं त्यानं स्वतःशी ठरवलं. नाव परत आणणं त्याच्या हातात होतं, आणि हातातलं काम पुढं असलं की माणसाला बाकीचं मागं ढकलता येतं. त्यानं जुन्या पावत्या शोधल्या, संस्थेच्या नोंदणीची कागदपत्रं जमवली, सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. ज्या कंपनीकडे आधी नाव होतं तिला फोन लावला. पलीकडून एक मुलगी हिंदीतून बोलत होती. तिनं सवयीच्या सुरात विचारलं,

“सर, डोमेन पे लॉक ऑन था?”

“नहीं.”

“किसने हटाया था, सर?”

“मैंने ही.”

किती सोपं होतं ते. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ रिसीव्हरवरचा हात न काढता बसून राहिला.

उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट त्याला आठवत होती आणि ती आठवली की तो खुर्चीतून उठून उगाच पंख्याचं बटण चाळवी. टीव्हीवर कुठल्याशा फसवणुकीची बातमी पाहून सिस्टर दुकानात आल्या होत्या. आपलं सगळं बंदोबस्तात आहे ना, असं त्यांनी विचारलं होतं. तो जेवणाचा डबा उघडत होता. “एकदम बंदोबस्तात, सिस्टर,” तो म्हणाला होता. तेव्हा कुलूप काढलेलं होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. संध्याकाळी लावून टाकू, असं त्यानं घास घेता घेता मनात म्हटलंही होतं.

मुकुटबनची बातमी आली ती सिस्टरांच्याच तोंडून. मुकुटबनच्या पुढं कोलाम आदिवासींचा एक पोड आहे, दहा-पंधरा घरांची वस्ती. तिथल्या सुखीबाईची मुलगी कोकिळा सिकलसेलची. त्याच आठवड्यात तिचं रक्त एकदम उतरलं. दवाखान्यात तिच्या गटाचं रक्त नव्हतं, माणूस आणा म्हणाले. सुखीबाईनं कार्ड काढलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या फोनवर पत्ता टाकून घेतला.

“अन् ते चाक आलं,” सिस्टर म्हणाल्या. त्या या वेळी खुर्चीवर बसल्याच नाहीत. “त्याहिनं ते फिरवलं, चारुभाऊ. त्याहिले वाटलं, फिरवल्यावर नंबर येईन. फिरवत राह्यले. दुसऱ्या दिवशी चंद्रपूरहून रक्त आलं.”

“मुलगी?”

“हाये. वाचली. मेंदूले झटका बसला, डाव्या हातात जोर नाई राह्यला. डॉक्टर म्हणे, रक्त येळेवर भेटलं असतं तरी झालं असतं का नसतं, सांगता येत नाई.” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “मी जाऊन आली. तिच्या मायचे हात धरले अन् सांगतलं, बाई, माह्या चुकीनं झालं.”

चारुदत्तच्या हातात पेन होतं. त्यानं त्याचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

“तुम्ही... तुम्ही असं कशाला सांगितलं?”

“मंग कोन सांगन?” सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवशी त्यानं आपल्या यादीतल्या एकेका गिऱ्हाइकाचं नाव उघडून कुलूप लावलं. पासवर्ड बदलले. नवा माणूस आत शिरू पाहील तर आधी फोनवर विचारणा येईल, अशी सोय केली. व्यापाऱ्यांना एकेक करून फोन केले आणि तुमच्याकडे कंपनीचं पत्र आलं तर वाचल्याशिवाय टाकू नका, असं बजावलं. त्याची बायको अनघा बँकेत होती. जेवताना तिनं विचारलं,

“सारख्या जगाला सूचना देऊन राहिले तुम्ही. ते सिस्टरचं कसं झालं पण?”

“चोर हुशार असतात,” तो म्हणाला आणि भाताचं ताट बाजूला सारलं. अनघानं त्याच्याकडे पाहिलं. भात अर्धा तसाच होता. ती ताट उचलून आत गेली.

थंडी पडली, कापसाच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या, तेव्हा कुठे नाव परत आलं. पत्ता टाकल्यावर पुन्हा सिस्टरांनी निवडलेलं ते निळं पान उघडलं. चारुदत्तनं सर्वांत आधी कुलूप लावलं. मग लागलं की नाही ते पाहिलं. मग बाहेर जाऊन आला आणि पुन्हा पाहिलं.

रविवारी लोहाऱ्याच्या समाजमंदिरात संस्थेची बैठक ठरली. दारव्ह्याहून सिस्टरांच्या हाताखाली काम करणारी रुपाली आली, खेड्यापाड्यांतून रक्त देणारी माणसं आली. संस्थेचे अध्यक्ष धर्मपाल सर निवृत्त मुख्याध्यापक, शब्द जोखून बोलणारे. त्यांनी चारुदत्तला पुढं बसवलं होतं. भिंतीवर साइटचं पान मोठं करून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. सरांनी शाल पुढं केली. चारुदत्तनं ती खांद्यावर न घेता हातातच धरली.

मग सिस्टर उभ्या राहिल्या.

“मी आता या कामातून मोकळी होतो,” त्या म्हणाल्या. “माह्यावर इस्वास ठेवला तुम्ही. मी एका फोनवर सगळं देऊन बसली. एका लेकराचा हात गेला. आता हे रुपालीनं पाहावं.”

कोणीतरी “नाही, नाही” म्हणालं. रुपाली रडायलाच लागली. सिस्टर मात्र रडत नव्हत्या. त्यांनी संस्थेच्या कपाटाच्या किल्ल्या काढल्या आणि सरांसमोर टेबलावर ठेवल्या.

चारुदत्त उभा राहिला तेव्हा शाल खाली पडली.

“सिस्टरांची चूक नाही,” तो म्हणाला. “त्या फोनचा याच्याशी काही संबंध नाही. नावाला कुलूप असतं. ते मी काढून ठेवलं होतं आणि परत लावलं नाही. कंपनीचं पत्र आलं तेही मी बघून सोडून दिलं. उन्हाळ्यात सिस्टरांनी मला विचारलं होतं, तेव्हा मी खोटं सांगितलं. हे माझ्यामुळे झालंय.”

 सगळ्यांत आधी बोलले ते धर्मपाल सर. 

“पाहा,” ते म्हणाले. “माणूस असा असावा. नाव परत आणण्यासाठी यानं दोन महिने जिवाचं रान केलं. आणि आता सिस्टरचा भारही आपल्या अंगावर घेऊन राहिला.”

“नाही सर, मी खरंच—”

“बसा, चारुभाऊ,” मागून कोणी म्हणालं. “समजलं आम्हाले. मोठं मन हाये तुमचं.”

टाळ्या वाजल्या. मघापेक्षा जास्त वाजल्या. त्यानं पुन्हा सांगायला सुरुवात केली, कुलूप म्हणजे काय, कोड म्हणजे काय, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की तो जितकं सविस्तर सांगतोय तितकं ते ऐकणाऱ्यांना रचलेलं वाटतंय. समोर संगणक होता. ते पत्र त्यात होतं. दोन बोटं हलवली असती तर भिंतीवर सगळ्यांना दिसलं असतं. त्याचा हात टेबलापर्यंत गेला. कोणीतरी खाली पडलेली शाल उचलून, झटकून त्याच्या खांद्यावर घातली. तो खाली बसला.

लोक पांगल्यावर सिस्टर त्याच्याजवळ आल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“माह्या इंद्रजितच्या ठिकाणी तुम्ही,” त्या म्हणाल्या. “पन असं खोटं नोका बोलत जाऊ माह्यासाठी.”

“सिस्टर, मी उद्या मुकुटबनला जातोय.”

“कायले? मी सांगून आली ना त्या बाईले.”

“तुम्ही जे सांगितलं ते खरं नाही म्हणून सांगायला.”

सिस्टर त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. लोकांसमोर मोठेपणा दाखवायला माणूस पुष्कळ बोलतो, पण त्यासाठी कोणी कामाचा दिवस बुडवून मुकुटबनच्या पलीकडे जात नाही. पाठीवरचा हात सावकाश निघाला. त्यांनी टेबलावरच्या किल्ल्यांकडे एकदा पाहिलं आणि मग त्या किल्ल्या उचलल्या.

“वणीले गाडी बदला,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्याच्याआधी बाहेर पडल्या.

पोडावर तो पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. सुखीबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. जवळच कोकिळा डाव्या हातात रबरी चेंडू दाबत होती. चेंडू निसटायचा, ती उजव्या हातानं उचलून पुन्हा डाव्या हातात ठेवायची. चारुदत्तनं नाव सांगितलं. सुखीबाईनं खाट दाखवली. तो खाटेवर न बसता समोर जमिनीवरच बसला. तिनं ते पाहिलं.

“तुमी सिस्टरबाईकडले?”

“हो. सिस्टरबाईंनी तुम्हाला सांगितलं की त्यांच्यामुळे झालं. ते तसं नाही. तो पत्ता माझ्या भरवशावर होता. त्याला कुलूप लावावं लागतं. मी लावलं नाही, म्हणून चोरानं नेला.”

सुखीबाईचे हात चालूच होते. शेंग, दाणे, टरफल.

“तुमाले माहीत होतं, लावा लागते म्हून?”

“होतं.”

“मंग काहून नाई लावलं?”

गाडीत बसल्यापासून त्यानं या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं जमवली होती. मुलीचे प्रवेश, दुकानाचा रंग, दिवाळी. इथं, या अंगणात, त्यातलं एकही तोंडातून निघेना.

“राहून गेलं,” तो म्हणाला.

“राहून गेलं,” ती म्हणाली, जणू तो शब्द तिला नवा होता. मग ती कोकिळाकडे बघून कोलामीत काही बोलली. पोरगी चेंडू घेऊन उन्हातून सावलीत सरकली.

 सुखीबाई रडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. तेवढ्याचीच तयारी करून तो आला होता. सूप भरलं तसं तिनं ते पाखडलं, बाजूला ठेवलं आणि विचारलं,

“तुमचं रगत कोन्तं हाये?”

“अं?”

“रगत. कोन्त्या गटाचं?”

 कुठल्या गावात कुठल्या गटाचं कोण आहे, हे चारुदत्तनं स्वतःच्या बोटांनी वर्षानुवर्षं त्या साइटवर भरलं होतं. त्यात त्याचं नाव नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. तो साइटवाला होता.

“तपासलं नाही कधी,” तो म्हणाला.

“तपासून घ्या.” तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. बाजारातून मीठ आणायला सांगावं तसं तिनं सांगितलं. “अन् फोनचा नंबर सांगा तुमचा. कोकिळे, इकडं ये. या भाऊचा नंबर पाठ कर.”

त्यानं खिशातून मोबाइल काढला. “पत्ता परत चालू झालाय. आता कोणी नेऊ शकणार नाही. कसा उघडायचा ते दाखवतो, म्हणजे—”

“ते राहू द्या. नंबर सांगा.”

त्यानं मोबाइल पुन्हा खिशात ठेवला. कोकिळा येऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसली. तो एकेक आकडा सांगू लागला आणि ती त्याच्या मागं म्हणू लागली, शाळेत पाढे म्हणतात तशी, डोळे आभाळाकडे लावून. मधले आकडे तिनं उलटसुलट केले.

“दिवसा बी लागला पाह्यजे, राती बी,” सुखीबाई म्हणाली. तिनं दुसऱ्या शेंगा पुढ्यात ओढल्या होत्या.

“लागेल.”

“बंद हाये म्हणन तं?”

“नाही म्हणणार.”

 पोरीनं पुन्हा नंबर म्हटला आणि पुन्हा तिथंच अडली. सुखीबाईनं शेंगांवरून नजर उचलून आता पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं, तो सांगतो की उठतो ते बघायला. चारुदत्त जरा पुढं सरकला, आणि त्यानं पहिल्या आकड्यापासून परत सुरुवात केली.